टपालताई आणि निळे बटण

नेत्ररुग्णालयाच्या तळमजल्यावर, चष्म्याचे नंबर काढण्याच्या खोलीला लागून, एक अरुंद दालन आहे. दारावर ‘पत्रव्यवहार’ अशी पाटी आहे आणि तिच्याखाली, आणखी लहान अक्षरांत, ‘कृपया दार लोटून घ्यावे’ अशी विनंती आहे. ही विनंती तेवीस वर्षांपूर्वी ज्यांनी लिहिली, त्या बाई आजही तेथेच बसतात आणि दार उघडे टाकून जाणाऱ्याला, मग तो शल्यविशारद का असेना, परत बोलावतात. सर्व कर्मचारी त्यांना टपालताई म्हणतात. मी त्या रुग्णालयात अभिलेखपाल होतो. निवृत्तीपूर्वीची नऊ वर्षे आमची दालने समोरासमोर होती. पुढील हकिगतीतला बराचसा भाग मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि जो पाहिला नाही तो रुग्णालयाचे फोन घेणाऱ्या, म्हणून फोनवाल्या, काकूंनी मला न विचारता सांगितला आहे.

टपालताईंचे काम रुग्णांना शस्त्रक्रियेची तारीख कळवण्याचे. आरंभी टंकलेखन यंत्र होते, नंतर संगणक आला, कागदी पत्राची जागा ई-मेलने घेतली. पत्र मात्र बदलले नाही. त्यात सात ओळी असत. तारीख, वेळ, कोणत्या दाराने यावे, सोबत काय आणावे, आणि शेवटी, वर एक व खाली एक ओळ मोकळी सोडून, एक दुवा. तो उघडला की रुग्णाने तारीख मान्य केल्याची नोंद होई. चार दिवसांत नोंद झाली नाही, तर ती तारीख प्रतीक्षायादीतील पुढच्या माणसाला जाई.

या दुव्याविषयी ताईंची मते धर्मग्रंथाइतकी पक्की होती. दुवा वाक्याच्या पोटात घालायचा नाही. त्याला स्वतंत्र ओळ द्यायची. तो एका ओळीत मावेल इतका आखूड ठेवायचा. कारण लांब पत्ता मोडतो, त्याचा अर्धा भाग निळा आणि अर्धा काळा दिसतो, आणि निळ्या अर्ध्यावर बोट ठेवले की माणूस भलतीकडे पोहोचतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पत्ता पूर्ण दिसला पाहिजे. ‘येथे क्लिक करा’ या शब्दांमागे पत्ता दडवणे म्हणजे, त्यांच्या मते, बुरखा घालून दार ठोठावणे. नोंदणीला आलेल्या प्रत्येक रुग्णाच्या हातात त्या एक चिठ्ठी ठेवीत: ‘आमच्या पत्रातील पत्ता नेहमी पूर्ण लिहिलेला असेल व रुग्णालयाच्या नावाने सुरू होईल. अन्य कशावरही बोट ठेवू नये.’

हे सारे योग्यच होते. परंतु योग्य वागणाऱ्या माणसाला थांबावे कोठे हे कळत नाही, ही त्यातली खोट. ताई स्वतःच्या भाचीला वाढदिवसाचे पत्र पाठवीत, तेही ‘विषय : शुभेच्छा’ असे लिहून, मुद्द्यांना क्रमांक देऊन. भाचीने एकदा ‘पोच मिळाली’ एवढेच उत्तर धाडले. त्यातला टोमणा ताईंच्या ध्यानात आला नाही. उलट मुलगी वळणावर येते आहे असे त्यांनी मला समाधानाने सांगितले.

घरात त्यांचे पती, जे शाळेत भूगोल शिकवतात, आणि सासरे. सासऱ्यांनी चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त केली. आता त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पुरता पिकला होता आणि दुसरा डोळा त्याच वाटेवर होता. जिना एकट्याने उतरणे बंद झाले होते. पुस्तके सुटली होती. टॅबवर अक्षरे बोराएवढी मोठी करून, चित्रे बंद ठेवून, भिंग लावून ते ई-मेल तेवढे वाचीत. त्यांचे नाव प्रतीक्षायादीत अकरा महिने होते. सून रुग्णालयात असताना अकरा महिने कशाला, असे शेजारी विचारीत.

“कशाला म्हणजे?” सासरे म्हणत. “सून आहे म्हणूनच अकरा. नसती तर एखाद्या ओळखीच्या माणसानं सहा महिन्यांत काम केलं असतं.”

“बाबा, रांग म्हणजे रांग,” टपालताई म्हणत.

“मी कुठं मोडा म्हणतोय? नुसतं सांगतोय की माझ्या पुढं उभी असलेली बाई माझ्याच घरात भाकरी वाढते.”

नातलगाचा कागद हाती घ्यायचा नाही, यादीत त्याचे नाव शोधायचे नाही, घरी त्याविषयी अवाक्षर काढायचे नाही, हे ताईंचे व्रत होते. आणखी एक नियम त्यांच्याच नावावर जमा होता. पूर्वी काही लोक तारीख नाकारीत आणि सोयीची वेळ आली की पुन्हा पुढे घुसत. म्हणून ताईंनी चौदा वर्षांपूर्वी असे सुचवले होते की, ज्याने माघार घेतली त्याचे नाव यादीच्या तळाशी जावे. संचालकांनी ते मान्य केले. नियम छापला गेला. तळ म्हणजे आणखी अकरा महिने.

अशा सुव्यवस्थेत जनसंपर्क अधिकारी अवतरले. रुग्णालयाची प्रतिमा उजळण्यासाठी त्यांची नेमणूक झाली होती. पहिल्या आठवड्यात त्यांनी सूचनाफलकाला झालर लावली, दुसऱ्या आठवड्यात शौचालयांच्या पाट्यांना सोनेरी कडा दिल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात कर्मचाऱ्यांनी त्यांचे नाव सजावटराव ठेवले. चौथ्या आठवड्यात ते पत्रव्यवहाराच्या दालनात आले व दार उघडे ठेवून बसले.

“ताई, ही पत्रं आहेत की पंचनामे?”

“वाचता येतात ना? आणि ते दार.”

“वाचता येतात हो. पण बघवत नाहीत.” त्यांनी दार लोटले. “लोकांना बघायला काहीतरी हवं.”

“आपले रुग्ण बघायला येत नाहीत. बघता यावं म्हणून येतात.”

“हेच ते! तुमच्यात विनोद आहे, तुमच्या पत्रात नाही.” सजावटरावांनी आपला फोन पुढे केला. “हे पाहा. एचटीएमएल टेम्प्लेट. वर आपली इमारत, मध्ये संचालकांचा फोटो, खाली सुंदर निळं बटण. ‘माझी तारीख पक्की करा.’ एक बोट, काम खल्लास.”

“या बटणामागचा पत्ता कुठं आहे?”

“पत्ता कशाला दिसायला हवा? घराची पाइपलाइन दिसते का?”

“गळायला लागली की दिसते,” टपालताई म्हणाल्या.

टेम्प्लेट म्हणजे काय, हे माझ्यासारख्यांसाठी थोडक्यात सांगतो. तो पत्राचा सजवलेला साचा असतो. रंग, चौकटी, चित्रे आणि बटणे त्यात आधीच बसवलेली असतात. ज्या यंत्रावर चित्रे बंद असतात, त्याला हा साचा दिसत नाही. त्याच्यासाठी साच्याच्या पाठीमागे साध्या मजकुराची एक प्रत जोडलेली असते. ही पाठीमागची प्रत नीट लिहावी लागते. सजावटरावांनी ती लिहिली नाही. तसली प्रत असते हेच त्यांना ठाऊक नव्हते. ज्या कंपनीचा साचा होता तिच्या यंत्राने ती आपोआप तयार केली.

संचालकांना आपला फोटो आवडला. महिन्याच्या पहिल्या तारखेपासून तारखांची पत्रे टपालताईंकडून काढून सजावटरावांकडे देण्यात आली. चाचणी म्हणून एक पत्र सजावटरावांनी स्वतःला, एक संचालकांना आणि एक संचालकांच्या पत्नीला पाठवले. तिघांचे फोन नवे होते आणि डोळे उत्तम होते. चाचणी यशस्वी ठरली. नेत्ररुग्णालयाचे पत्र एखाद्या डोळ्याच्या रुग्णाला पाठवून पाहावे, ही कल्पना त्या इमारतीत कोणालाही सुचली नाही. मग एकशे चाळीस पत्रे रवाना झाली.

त्यांतले एक सासऱ्यांना आले. त्याच संध्याकाळी ते सुनेला म्हणाले, “सूनबाई, तुझ्या हापिसाचं पत्र आलं हो. अठरा तारीख, सकाळी नऊ. तुझ्या नियमानं नोंद करून टाकली.”

“नव्या पत्रावरून? जमलं तुम्हाला?”

“न जमायला काय झालं? ‘धन्यवाद’सुद्धा म्हणालं ते.”

टपालताई अधिक काही बोलल्या नाहीत. नातलगाच्या कागदाविषयी बोलायचे नसते. परंतु दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, “मी त्या माणसावर अन्याय केला की काय, कोण जाणे. आमच्या घरी तरी त्याचं बटण चाललं.” मोठेपणा दाखवण्याची संधी ताई सहसा सोडीत नसत. ही त्यांनी सोडली असती तर बरे झाले असते.

कारण पुढल्या बैठकीत सजावटरावांनी रंगीत वर्तुळ पडद्यावर दाखवले. एकशे चाळीसपैकी एकतीस जणांनी तारीख पक्की केली होती. पस्तीस जण गप्प होते. आणि चौऱ्याहत्तर जणांनी चक्क माघार घेतली होती.

“चौऱ्याहत्तर?” टपालताईंनी विचारले. “अकरा महिने थांबून? आजवर वर्षाला दहा जणसुद्धा माघार घेत नव्हते.”

“ताई, आकडे खोटं बोलत नाहीत. लोकांच्या मनात शस्त्रक्रियेची भीती आहे. ती आजवर आपल्या ध्यानात आली नाही, टेम्प्लेटमुळे आली. पुढच्या पत्रात मी हसऱ्या रुग्णाचं चित्र टाकतोय.”

ताईंच्या मनात शंका होती. पण त्यांच्याच घरातला पुरावा त्यांच्या विरुद्ध होता, आणि पुराव्याविरुद्ध बोलणे त्यांच्या स्वभावात नव्हते. रिकाम्या झालेल्या तारखा यादीतील पुढच्या लोकांना गेल्या; अर्थात त्याच पत्राने. त्यांतल्याही निम्म्याहून अधिक लोकांनी माघार घेतली. मग त्या तारखा त्यांच्या पुढच्यांना गेल्या. दोन आठवड्यांत सजावटरावांनी जवळजवळ संपूर्ण प्रतीक्षायादी निकालात काढली. एवढ्या वेगाने रुग्ण कमी केल्याची नोंद रुग्णालयाच्या इतिहासात नाही.

अठरा तारखेला भूगोलाच्या मास्तरांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि वडिलांना हाताला धरून स्वागतकक्षात आणले. म्हाताऱ्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. खिडकीतल्या बाईंनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली.

“आजोबा, आजच्या यादीत तुमचं नाव नाही.”

“नीट बघा. डोळे माझे गेलेत, तुमचे शाबूत आहेत.”

“नाव आहे. पण माघार घेतलेल्यांत आहे.”

“माघार? मी?” सासऱ्यांचा आवाज चढला. “अहो, चाळीस वर्षांत मी कुणाचं बंद घड्याळसुद्धा माघारी पाठवलं नाही! मी काय माझा डोळा माघारी पाठवीन?”

मागच्या बाकावरून एक आजी उठल्या. “मलाही हेच सांगतायत. मी म्हणे नको म्हटलं.” त्यांच्या शेजारचा निवृत्त टॅक्सीचालक म्हणाला, “मलाही.” मोजणी झाली तेव्हा असे सात जण निघाले. सातही जणांनी नोंद केली होती, सातही जणांना ‘धन्यवाद’ मिळाले होते, आणि वरच्या मजल्यावर शस्त्रक्रियागृहातील परिचारिका बाराऐवजी तीन रुग्ण का आले म्हणून खाली विचारणा करीत होती. फोनवाल्या काकूंनी टपालताईंना बोलावले.

“बाबा, तुम्ही काय केलंत?” टपालताईंनी विचारले.

“तू शिकवलंस ते.”

ताईंनी त्यांच्या पिशवीतून टॅब काढला व पत्र उघडले. विषयाच्या ओळीत तारीख आणि वेळ होती, कारण त्या ओळीत चित्र घालता येत नाही. खाली ‘नमस्कार’ असे लिहिले होते. त्याखाली, निळ्या बटणाच्या जागी, ‘येथे क्लिक करा’ असे शब्द होते; निळे नव्हते, काळेच होते, त्यांवर कितीही बोट आपटले तरी काही होत नव्हते. आणि सर्वांत खाली, स्वतंत्र ओळीत, वर-खाली मोकळी जागा सोडून, रुग्णालयाच्या नावाने सुरू होणारा, पूर्ण दिसणारा एक पत्ता होता.

तो ‘यापुढे पत्रे नकोत’ असे कळवण्याचा पत्ता होता. साच्यात त्याच्या बाजूला करड्या अक्षरांत तसे लिहिलेही होते. पण ती अक्षरे चित्रातली होती आणि चित्राबरोबर गेली. असा पत्ता प्रत्येक पत्राला जोडावा असा त्या कंपनीचा दंडक असल्यामुळे तिच्या यंत्राने तो एकटाच इमानाने जपला. जो कोणी तो उघडी, त्याचे आभार मानले जात आणि त्याचे नाव काढून टाकले जाई. आणि सजावटरावांच्या वर्तुळात त्याची गणना माघार घेतलेल्यांत होई.

जे बेशिस्त होते, त्यांनी सगळीकडे बोटे आपटून, नातवंडांना विचारून, चित्रे चालू करून कसेबसे बटण गाठले. जे आळशी होते ते गप्प राहिले. ज्यांनी टपालताईंची चिठ्ठी जपून ठेवली आणि तिच्याबरहुकूम वागले, तेवढेच अचूक बुडाले. ताईंचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. इतक्या वर्षांत प्रथमच त्या मागे स्वागतकक्षाचे दार उघडे टाकून वर गेल्या.

वर संचालकांच्या दालनात सजावटराव नवे पत्रच दाखवत होते. टपालताईंनी टेबलावरचा संगणक आपल्याकडे वळवला आणि सजावटरावांनी बैठकीनंतर आपल्याला नमुना म्हणून पाठवलेले पत्र चित्रे बंद करून उघडले.

“तारीख पक्की करा,” त्या सजावटरावांना म्हणाल्या.

“अहो, सोपं आहे,” असे म्हणून सजावटरावांनी ‘येथे क्लिक करा’वर तीनदा बोट आपटले. नंतर त्यांनी चष्मा पुसला. मग खालच्या पत्त्यावर टिचकी मारली. पडद्यावर ‘धन्यवाद’ उमटले. “झालं ना?”

“झालं. तुम्ही मला यादीतून काढलंत.”

संचालकांनी समजायला जेवढा वेळ लागतो तेवढा घेतला. मग ते म्हणाले, “सगळ्यांना परत घ्या. आत्ताच्या आत्ता.”

“सर, सिस्टीम घेत नाही,” सजावटराव पुटपुटले. “माघार घेतलेल्याला परत यायचं तर त्यानं स्वतः पत्रातलं बटण दाबावं लागतं.”

“मग पाठवा पत्र!”

“माघार घेतलेल्यांना पत्र जात नाही, सर.”

“हे कोणी ठरवलं?”

“कोणी नाही, सर. टेम्प्लेटमध्येच आहे.”

मग संचालकांनी छापील नियमांचा कागद पुढे ओढला. “आणि आपला नियम तर म्हणतो, माघार म्हणजे यादीचा तळ. ताई, हा तुमचाच नियम ना?”

“माझाच,” टपालताई म्हणाल्या. “पण तो माघार घेणाऱ्यासाठी आहे. या लोकांनी माघार घेतली नाही. आपण त्यांना ती घ्यायला लावली. चूक कार्यालयाची आहे असा लेखी आदेश द्या. सगळ्यांना मी साध्या मजकुराचं पत्र पाठवते. खाली सात माणसं बसलीत आणि वर टेबल रिकामं आहे. त्यांना आज घ्या.” त्यांनी नियमांचा कागद बाजूला सारला. “त्यांत माझे सासरे आहेत. हे आदेशात नमूद करावं, नंतर कोणी बोलायला नको.”

संचालकांना ‘चूक’ हा शब्द आवडला नाही. त्यांनी ‘तांत्रिक विसंगती’ सुचवला. सही मिळायला वीस मिनिटे लागली, त्यांतली पंधरा या शब्दावर गेली. शेवटी ‘चूक’ राहिली.

ताई खाली आल्या आणि त्यांनी सातही जणांसमोर एकेक कोरा कागद ठेवला.

“हे काय आता?” सासरे म्हणाले.

“लिहून द्या. मी शस्त्रक्रियेस तयार आहे, माघार घेतलेली नाही. खाली सही.”

“अगं, मी तुझ्यासमोर उभा आहे! सकाळपासून ओरडतोय! एवढं पुरेसं नाही?”

“नाही.”

“मला कागद दिसत नाही म्हणून तर आलो ना इथं?”

“मोठी अक्षरं काढा.”

“देवा, हिला माझ्या पोरानं कसं पसंत केलं,” सासरे आजींना म्हणाले. आजी हसल्या आणि लिहू लागल्या. सासऱ्यांनी चार शब्दांत कागद भरला. ओळ डावीकडून निघून उजवीकडच्या कोपऱ्यात कोसळली.

परिचारिकेने विचारले, “पहिलं कोण?” ताईंनी सात कागद मूळ यादीच्या क्रमाने लावले होते. सासरे चौथे होते. मास्तर काहीतरी बोलू पाहत होते. पत्नीने त्यांच्याकडे नुसते पाहिले.

“राहू दे रे,” म्हातारा म्हणाला. “चौथा तर चौथा. हिच्याकडून चौथा नंबर मिळाला म्हणजे तो खरा चौथा असणार.”

पावणेदोन वाजता त्यांना आत नेले. दार मिटले. टपालताईंच्या टेबलावर त्या वेळी कित्येक पत्रे लिहायची बाकी होती, आणि सजावटराव जिन्यात उभे राहून त्या पत्रांत निदान बोधचिन्ह तरी घालता येईल का असे विचारीत होते. ताई मार्गिकेतल्या बाकावर, कामाच्या वेळात, हातात काहीही न घेता बसल्या होत्या. दार उघडून परिचारिकेने ‘छान झालं’ अशी मान हलवली तेव्हा त्या उठल्या, आस्थापना विभागात गेल्या आणि अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज भरला. त्या अवघी पंचवीस मिनिटे बसल्या होत्या. पण त्याहून लहान रजा नियमात नव्हती. कारण या रकान्यात त्यांनी लिहिले : ‘नातलगाची शस्त्रक्रिया.’ मग त्या दालनात परतल्या आणि बिनपगारी दुपारभर पत्रे लिहीत बसल्या.